तळपदे यांचे अपील

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी जुन्या सभासदाला बोलावयास उभे केले, की त्याने पहिल्या गणपतीची मूर्ती कोणी आणली, पहिल्या नाटकात स्त्री-भूमिका कोणी केली, अशा गोष्टी सांगाव्यात ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच असते. त्या आठवणी माझ्याजवळही आहेत. परंतु आपल्या मंडळाची पहिली कोजागिरी १९७५ सालची. दिल्लीत आणीबाणी सुरू होऊन जवळजवळ चार महिने झाले होते. एरवी दहा मराठी माणसे एकत्र आली म्हणजे निदान बारा मते ऐकू यावयाची. त्या रात्री मसाल्याच्या दुधाभोवती बसलेली मंडळी हवापाण्यावर बोलत होती. म्हणून आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती थोडी कायद्याची आहे, थोडी तुरुंगाची आहे आणि थोडी माझ्या घरची आहे. उत्सवाच्या दिवशी ती रुक्ष वाटली, तर वयाकडे पाहून क्षमा करावी.

माझ्या मावशीचे यजमान शाळेत शिक्षक होते. त्यांना आम्ही काका म्हणत असू. १९७५ च्या पावसाळ्यात त्यांना 'मिसा'खाली स्थानबद्ध करण्यात आले. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षितता राखण्याचा १९७१ चा कायदा. आरोप नाही, खटला नाही, शिक्षा नाही. फक्त एक हुकूम. मी दिल्लीत वकिली करीत होतो. वकिली म्हणजे काय, ज्येष्ठांच्या मागे पुस्तके घेऊन उभा राहत होतो. पण दूरच्या नातलगांना दिल्लीतला वकील म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा खांबच वाटत असतो. मावशीची आंतर्देशीय पत्रे येत. काकांनी उच्च न्यायालयात अर्ज केला होता आणि तो पडून होता, कारण दिल्लीत मोठा निकाल व्हावयाचा होता. एका पत्रात तिने विचारले होते : "तू एवढा शिकलास, मला एवढेच सांग. माणसाला आत का ठेवले आहे, हे विचारायलासुद्धा परवानगी लागते का?"

या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर शोधताना मला जुन्या विधि-अहवालांत १९४३ सालचा एक निकाल सापडला. त्यातील अर्जदार मुंबईचे. नाव केशव तळपदे. त्यांची गोष्ट हीच आजच्या भाषणाची मुख्य गोष्ट आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. आपण दिल्लीकर हिंदी वर्तमानपत्रांत 'बंदी प्रत्यक्षीकरण' असे वाचतो. मराठीत 'देहोपस्थिती' असा शब्द केला आहे. बोलताना मात्र सगळेच 'हेबियस कॉर्पस' म्हणतात, आणि मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ एवढाच, की 'देह तू हजर कर'. हा हुकूम कैद्याला नसतो, तो कैदेत ठेवणाऱ्याला असतो. या माणसाला न्यायालयापुढे आण आणि कोणत्या अधिकाराने त्याला कोंडले आहेस ते सांग. अधिकार दाखविता आला तर कैदी परत आत जातो, नाही दाखविता आला तर तेथूनच घरी जातो. कैदी सज्जन आहे की दुर्जन, हा प्रश्नच नसतो. उत्तर द्यावयाचे असते ते दाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत त्याने.

हा हुकूम महाराष्ट्राला नवा नव्हता. १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने असाच एक हुकूम पुण्याला पाठविला होता. मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र ढमढेरे या पुण्याच्या सरदारांच्या ताब्यात होता. त्याला मुंबईस हजर करावे, असा तो हुकूम. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या कैद्याबद्दलही तसाच हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम खवळले. कोर्टाची सत्ता मुंबई बेटापुरती, पुण्याच्या सरदारांवर ती चालू देणार नाही, असे त्यांनी कळविले. त्या वर्षी तिघांपैकी दोन न्यायाधीश वारले होते. उरलेले एकटे सर जॉन पीटर ग्रँट इतके हट्टाला पेटले, की हुकूम पाळला जात नाही म्हणून १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कोर्टच बंद केले. पुढे प्रिव्ही कौन्सिलने ग्रँट यांच्या विरुद्ध निर्णय दिला. दोन नवे न्यायाधीश नेमताना लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमना खासगी पत्रात लिहिले, की आता ग्रँटची स्थिती दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधे चालविलेल्या रानहत्तीसारखी होईल. पत्र बाहेर फुटले आणि बराच गवगवा झाला. न्यायाधीश कसा असावा याविषयीची राज्यकर्त्यांची आवड त्या एका उपमेत आली आहे.

आता १९४३ कडे येऊ. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, भारत संरक्षण कायदा झाला. या कायद्याने केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार दिला आणि त्या अधिकाराखाली भारत संरक्षण नियम झाले. त्यांतील नियम २६ हा स्थानबद्धतेचा. १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत ज्यांच्या घरचे कोणी खटल्यावाचून तुरुंगात गेले असेल, त्यांच्या घरी हा आकडा माहीत असे. तळपदे याच नियमाखाली स्थानबद्ध झाले. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ खाली मुंबई उच्च न्यायालयाकडे देहोपस्थितीचा अर्ज केला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

येथेच बहुतेक अर्ज संपत. फौजदारी निकालावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणे हे खर्चाचे आणि वर्षानुवर्षांचे काम. परंतु १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्टने दिल्लीत एक नवे कोर्ट निर्माण केले होते, फेडरल कोर्ट. ते १९३७ साली सुरू झाले. ते बसत असे आपल्या संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात, म्हणजे संस्थानिकांच्या बैठकीसाठी बांधलेल्या दालनात. (त्याच दालनात पुढे १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय भरत असे. त्या इमारतीला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात.) १९३५ च्या त्या कायद्याचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न खटल्यात असल्याचे प्रमाणपत्र उच्च न्यायालयाने दिले, तर या कोर्टाकडे अपील करता येई. त्या वाटेने तळपदे यांचे अपील मुंबईहून दिल्लीस आले.

सरन्यायाधीश होते सर मॉरिस ग्वायर. दिल्ली विद्यापीठात ज्यांची मुले शिकली त्यांना ग्वायर हॉल माहीत असेल. तेच हे ग्वायर. न्यायाधीश असतानाच ते विद्यापीठाचे कुलगुरूही होते आणि त्या पदावर १९५० पर्यंत राहिले. इंग्लंडात असताना ते पार्लमेंटसाठी कायद्यांचे मसुदे तयार करीत आणि १९३५ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. म्हणजे कायद्यात शब्द कसा बसवतात आणि कसा निसटतो, हे ज्याला आतून ठाऊक, असा माणूस त्या दिवशी खुर्चीवर होता. तळपदे यांचे सारे अपील एका शब्दावर उभे होते, त्यामुळे या गोष्टीला महत्त्व आहे.

तो शब्द म्हणजे 'वाजवी'. भारत संरक्षण कायद्याच्या कलम २ मध्ये सरकारने कोणकोणत्या विषयांवर नियम करावेत याची लांबलचक यादी होती. स्थानबद्धतेच्या बाबतीत यादी सांगत होती, की ज्याच्याविषयी काही विशिष्ट गोष्टींचा वाजवी संशय आहे अशा माणसाला स्थानबद्ध करण्याचे नियम करता येतील. सरकारने केलेला नियम २६ मात्र म्हणत होता, की अमुक माणसाला घातक कृत्यापासून रोखण्यासाठी त्याला अडकविणे आवश्यक आहे अशी सरकारची खात्री झाली, की पुरे. संशय वाजवी असो वा नसो. किंबहुना संशय असलाच पाहिजे असेही नाही.

श्रोत्यांत कायद्याच्या बाहेरचे पुष्कळ लोक आहेत, म्हणून घरचे उदाहरण देतो. समजा, आपल्या मंडळाच्या घटनेत लिहिले आहे, की दोन वर्षे वर्गणी थकविणाऱ्या सभासदाचे नाव पटावरून कमी करण्याबाबत कार्यकारिणीने नियम करावेत. कार्यकारिणीने नियम केला : 'ज्या सभासदाचे नाव कमी करणे इष्ट आहे अशी चिटणीसांची खात्री होईल, त्याचे नाव कमी करावे.' (आपल्या चिटणीसांनी हे मनावर घेऊ नये.) कोणी विचारले, 'माझी वर्गणी तर भरलेली आहे', तर उत्तर येणार, 'असेल, पण आमची खात्री झाली आहे.' नियम करण्याचा अधिकार मिळाला होता तो थकबाकीदारांपुरता, आणि झालेल्या नियमात सगळा पट येऊन गेला.

फेडरल कोर्टाने नेमके हेच म्हटले. २२ एप्रिल १९४३ रोजी ग्वायर यांनी निकाल दिला. विधिमंडळाने जेवढा अधिकार दिला त्यापलीकडे नियम २६ गेला आहे, म्हणून तो अवैध आहे. युद्ध चालू होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या आणि गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. अशा वेळी आपल्या निकालाने सरकारची अडचण होईल याची जाणीव निकालपत्रात स्पष्ट दिसते, आणि त्याबद्दल खेदही व्यक्त केला आहे. पण माणसे कायद्याच्या आधाराविना तुरुंगात पडू नयेत म्हणून असले असाधारण अधिकार लिहिताना यापुढे अधिक काळजी घ्यावी, असे तेथे सरकारला बजावलेही आहे. निकालानंतर तीन दिवसांनी ग्वायर निवृत्त झाले.

त्याच सुमाराला इंग्लंडात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तेथेही लिव्हरसिज नावाच्या स्थानबद्धाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये निकाली निघाला. तेथील नियमात 'वाजवी कारण' हे शब्द छापलेले होते. तरीही चार न्यायाधीशांनी सांगितले, की कारण वाजवी आहे असे मंत्र्याला वाटले म्हणजे झाले. एकट्या लॉर्ड अॅटकिन यांनी भिन्न मत दिले. सरकारपेक्षाही सरकारी झालेल्या न्यायाधीशांचा त्यांनी असा समाचार घेतला, की काही सहकाऱ्यांनी पुढे त्यांच्याशी बोलणेही कमी केले म्हणतात. म्हणजे लंडनमध्ये असलेला शब्द न्यायाधीशांनी पुसला, आणि गुलाम देशाच्या राजधानीत नसलेला शब्द न्यायाधीशांनी शोधून काढला. मला स्वतःला यात ग्वायर यांचे कौतुक वाटते. तळपदे यांचे अधिक वाटते, कारण उच्च न्यायालयात हरल्यावरही आपली लढाई एका विशेषणावर उभी करण्याचे धैर्य सर्वांना होत नाही.

येथवर आलो आणि मला वाटले, मावशीला आता चांगले उत्तर लिहिता येईल. विचारायला परवानगी लागत नाही. विचारल्यावर परकीय सरकारलासुद्धा उत्तर द्यावे लागले. मी पान उलटले.

निकालाची तारीख २२ एप्रिल. २८ एप्रिल रोजी गव्हर्नर-जनरलने १९४३ चा चौदावा वटहुकूम काढला. कायद्याच्या यादीतला तो भाग बदलून नियमाच्या मापाचा केला आणि पूर्वी निघालेले हुकूम केवळ या कारणावरून सदोष ठरणार नाहीत असे जाहीर केले. सहा दिवस. कायद्याप्रमाणे फेडरल कोर्ट अपील मंजूर केल्यावर प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे पाठवीत असे आणि पुढची अंमलबजावणी तेथे होई. निकालाची प्रत मुंबईस पोहोचून वकिलांनी ती नीट वाचेपर्यंत तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली होती.

एवढ्यावरही संपले नाही. बंगालमध्ये शिबनाथ बॅनर्जी आणि इतर स्थानबद्धांची सुटका कलकत्ता उच्च न्यायालयाने केली, ते प्रकरण सरकारने लंडनला नेले. १९४५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की तळपदे निकालच मुळात चुकीचा होता. कलमाच्या आरंभी नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार दिलेला आहे, पुढची यादी केवळ उदाहरणादाखल आहे, यादीने मूळ अधिकार आखडत नाही. आपल्या उदाहरणात बोलावयाचे तर 'मंडळाच्या हिताचे नियम करावेत' असे पहिल्या ओळीत लिहिले असल्यावर वर्गणीचे कलम धरून बसू नका! कायद्याची मांडणी म्हणून हे मत अगदीच निराधार नाही, हे वकील या नात्याने मला कबूल केले पाहिजे. पुढे आपल्या न्यायालयांनीही असल्या याद्यांचा अर्थ पुष्कळदा तसाच लावला आहे. पण स्वातंत्र्याच्या प्रश्नावर दोन अर्थ शक्य असताना कोणता निवडावा, हा व्याकरणाचा प्रश्न नव्हे.

त्याच निकालात एक धागा मात्र शिल्लक राहिला. बंगालमध्ये काही हुकूम असे निघाले होते, की पोलिसांची शिफारस आली म्हणजे हुकूम टंकलिखित करून धाडावयाचा, विचार नंतर करावयाचा. असे हुकूम टिकणार नाहीत, असे प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटले. खात्री पुरेशी आहे, हे खरे. पण ती खरोखर कोणाच्या तरी मनात झालेली असली पाहिजे.

आणि १९४६ साली नागपूरच्या विमलाबाई देशपांडे यांचा खटला झाला. त्यांनी पतीच्या सुटकेसाठी अर्ज केला होता. अटक नियम २६ खाली नव्हती, नियम १२९ खाली होती, आणि या नियमात पोलीस अधिकाऱ्याच्या संशयाला 'वाजवी' हे विशेषण जोडलेले होते. नागपूरच्या उच्च न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला. अपिलात सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि हरले. संशय वाजवी होता हे न्यायालयाला पटवून देण्याचे ओझे पोलिसांवर आहे, असे ठरले. तोच शब्द, ज्याच्या अभावावर तळपदे लढले. जेथे तो छापलेला राहिला तेथे त्याने एका पत्नीच्या अर्जाला लंडनपर्यंत बळ दिले. कायद्याच्या मसुद्यातून एखादे विशेषण काढताना ते अनावश्यक आहे असे जे कोणी म्हणतात, त्यांनी ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत.

घटना समितीत बसलेल्या अनेकांनी तुरुंग आतून पाहिलेला होता. तरीही खटल्यावाचून स्थानबद्धता त्यांनी घटनेतून काढली नाही. कलम २२ मध्ये तिला काही अटी घालून जागा दिली. हा विरोधाभास मला अजून उलगडलेला नाही. त्याच वेळी कलम ३२ आणि २२६ मध्ये देहोपस्थितीचा हुकूम नाव घेऊन लिहिला गेला. ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते हेच आजचे कलम ३२. तळपदे यांना एका प्रमाणपत्राच्या आधाराने दिल्लीला यावे लागले होते. १९५० नंतर कैद्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार थेट ठोठावता येऊ लागले.

आता पुन्हा १९७५. २७ जून रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित झाली. मिसामध्ये असा बदल केला गेला, की स्थानबद्धतेची कारणे कैद्याला तर नाहीच, न्यायालयालाही सांगावयाची नाहीत. तरी नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांचे अर्ज ऐकून घेण्याचे ठरविले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. कर्नाटकातही अर्ज झाले होते. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असता तेथेच पकडले गेलेले मधु दंडवते हे त्यांतले एक अर्जदार. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई तेव्हा येरवड्याला. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात पतिपत्नींची पत्रे जात होती.

तळपदे प्रकरणात अपील कैद्याचे होते. या खेपेस अपील सरकारचे, आणि कैद्याचे म्हणणे ऐकूच नये यासाठी केलेले. सुनावणी डिसेंबर १९७५ ते फेब्रुवारी १९७६ चालली. कैद्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत शांतिभूषण होते, सोली सोराबजी होते, आपले वि. म. तारकुंडे होते. मागे उभे राहावयास जागा मिळाली त्या दिवशी मीही ऐकले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलेला प्रश्न आता इतिहासात गेला आहे : एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार मारले, तरी उपाय नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचे उत्तर डे यांनी दिले.

निकाल लागला तो दिवस २८ एप्रिल १९७६. तेहतीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला तळपदे निकाल धुऊन टाकणारा वटहुकूम निघाला होता. योगायोगच, दुसरे काय म्हणणार! आकडाही तोच : चार विरुद्ध एक, लिव्हरसिज खटल्यासारखा. आदेश लागू असेतो स्थानबद्धाला देहोपस्थितीचा अर्जच करता येणार नाही; हुकूम दुष्टबुद्धीने काढला आहे असेही म्हणता येणार नाही. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, याची बोच आपल्या मंडळींना तेव्हा फार लागली होती. न्यायमूर्ती बेग यांनी स्थानबद्धांच्या खाण्यापिण्याची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातृवत् असल्याचे नमूद केले. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

त्या संध्याकाळी मावशीला पत्र लिहावयाचे होते. तार करण्याजोगे काही नव्हते. तळपदे यांची हकीकत मी कोरून कोरून चार पानी लिहिली आणि फाडून टाकली. शेवटी लिहिले, की अर्ज चालणार नाही, काकांची प्रकृती कशी आहे ते कळव, लोकरीचे पायमोजे पाठवीत आहे. एप्रिल महिन्यात लोकरीचे पायमोजे! ती काही बोलली नाही. नंतर एकदा मातृवत् काळजीचा तो उल्लेख वाचून दाखविला तेव्हा मात्र म्हणाली, "आई पोराला कोंडते तेव्हा का कोंडलं ते ओरडून ओरडून सांगते. सगळ्या आळीला ऐकू जातं."

काका १९७७ च्या आरंभी, निवडणुका जाहीर झाल्यावर सुटले. ते कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने सुटले नाहीत. पुढचे आपणांस माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ खालचे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरले. इंग्लंडात १९७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी मान्य केले, की लिव्हरसिज खटल्यात अॅटकिन बरोबर होते आणि बाकीचे चुकले होते. बहुमतातील न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ साली आपली चूक झाल्याचे उघड बोलून दाखविले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा निकाल रद्दबातल ठरविला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांच्या निकालाला 'गंभीर दोष असलेला' म्हणावयाचे काम मुलाच्या वाट्याला आले. तळपदे निकाल मात्र प्रिव्ही कौन्सिलने पुसला तो पुसलाच. त्याचे नाव आज कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही क्वचित ठाऊक असते.

काका सुटल्यावर दोन-तीन वर्षांनी दिल्लीला आले होते. कुतुबमिनार, लाल किल्ला, बिर्ला मंदिर, सगळे दाखवून झाले. मी त्यांना तळपदे यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, "उच्च न्यायालयात हरल्यावर त्यांनी पुन्हा अपील केलं? आतून?" मी हो म्हणालो. मग त्यांना ते दालन पाहावयाचे होते. आमच्याजवळ पास नव्हता. रस्त्याच्या पलीकडून मी त्यांना त्या गोल इमारतीतली दालनाची बाजू अंदाजाने दाखविली. ते टोपी सारखी करून पाच-सात मिनिटे तिकडे पाहत उभे राहिले, काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "चल, ऊन लागतंय. तुमच्या दिल्लीत धड चहा कुठे मिळतो?"